हात वर

आयोगाची शेवटची बैठक होऊन चार वर्षं उलटली होती.
पुलावर काटेरी तार, तारेत अडकलेली
कुणाची तरी निळी पिशवी, वाऱ्यानं फुगणारी.
दोन्ही राजधान्यांनी हात वर केले होते :
पाण्याचं त्यांना विचारा.
त्यांना विचारावं, तर
त्यांना विचारा.

नदीला हे कुणी कळवलं नव्हतं.
बर्फ वितळेल तशी ती चढायची, ऑगस्टनंतर उतरायची,
आणि दोन्हीकडची जर्दाळूची झाडं
तिच्या तोंडाकडं बघत उभी असायची.

अलीकडं बुरुलचा. भूगोलाची निवृत्त शिक्षिका,
गुडघ्यांनी थकलेली, आवाजानं नाही.
पलीकडं सफरमो. कालव्याची दारं उघडणारी, मिटणारी;
काम नवऱ्याचं, पण तो रशियात बांधकामावर गेला
आणि चावी हिच्या कमरेला आली.

दोघींच्या काठावर एकेक काठी रोवलेली,
तांबड्या रंगानं आकडे घातलेली.
एकीची भाषा दुसरीला तोडकीमोडकी यायची,
पण नदीच्या आवाजात तेवढंही पोचत नव्हतं.
म्हणून संध्याकाळी पाचला
त्या हात वर करायच्या.
आधी दशक, मग मूठ, मग एकक.
सहा बोटं, मूठ, दोन बोटं : बासष्ट.
पलीकडून उत्तर यायचं.
जुळलं नाही तर पुन्हा चिखलात उतरायचं.
मग वही.
मग घरी, तंदूर पेटवायला.

पहिल्या हिवाळ्यात पहारेकऱ्यानं हटकलं,
इशारे कुणाला करतेस?
"पाण्याला," बुरुलचा म्हणाली.
दुसऱ्या हिवाळ्यात ती तापानं पडली तेव्हा
त्याच पोरानं बंदूक पाठीवर टाकून
थंडीनं न वळणाऱ्या बोटांनी एकेचाळीस दाखवले.
वहीत त्याचं अक्षर आहे. वाकडं.

मला हे ठाऊक, कारण माझं काम दुभाष्याचं.
तिसऱ्याच देशातल्या एका हॉटेलच्या तळघरात
शिष्टमंडळं समोरासमोर बसली
आणि पहिल्याच तासात घोडं अडलं.
यांचे आकडे त्यांना खोटे, त्यांचे यांना.
भाषांतर सोपं होतं. दोन्हीकडं एकच शब्द.

जेवणानंतर, सकाळपासून दाराशी ताटकळलेला,
गावांनी वर्गणी काढून पाठवलेला एक मुलगा आत आला.
त्यानं टेबलावर दोन शाळकरी वह्या ठेवल्या.
एकीवर मांजर, एकीवर फुटबॉल.
मी वाचत गेले, आलटून पालटून,
तारीख, आकडा, तारीख, तोच आकडा,
चहा गार होईपर्यंत.

फक्त तेरा मार्चला आकडा नव्हता.
गोळीबाराचा दिवस.
बुरुलचाच्या वहीत त्या जागी एक ओळ होती, ती वाचली.
मग सफरमोच्या वहीतली वाचली
आणि वाटलं, चुकून तीच पुन्हा वाचतेय :
आज ती आली नाही. सुखरूप असू दे.

दोघी आल्या होत्या.
आपापल्या बांधाआड, मातीला गाल लावून
अंधार पडेपर्यंत पडून होत्या.

एका उपमंत्र्यानं पाणी मागितलं.
कुणीच लगेच उठलं नाही.

करार झाला. आयोग पुन्हा बसू लागला.
परिशिष्ट तीन, 'स्थानिक निरीक्षणे'.
मी विचारलं, नावं?
"आकडे आहेत ना," सचिव म्हणाले, आणि पेनाचं टोपण लावलं.

सप्टेंबरात मी तिथं गेले.
पुलावरची तार निम्मी निघालीय. पिशवी तशीच.
काठावर आता यंत्र आहे, करड्या डब्यातलं,
दर तासाला राजधानीला आकडा धाडणारं.
तरी पाचला बुरुलचा काठी टेकत आली.
मी म्हटलं, आता कशाला?
ती म्हणाली, "काल ती आली होती का,
विचार त्या डब्याला."

पलीकडं हात वर झाले.
चार बोटं, मूठ, सात.
डब्यावर शेहेचाळीस.
बुरुलचानं डब्याकडं पाहिलं, पलीकडं पाहिलं,
बूट काढले,
माझ्या खांद्यावर हात ठेवला
आणि चिखलात उतरली.