सोनखोल : पाहण्यासारखी ठिकाणं

स्टँडवर उतरलात की डावीकडे काटा.
इथे ट्रक तोलायचे, भरलेले आणि रिकामे.
आता त्यावर कोकमाची सालं वाळतात.
सुई शून्यावर.

नाव सोनखोल, पण सोनं निघालं नाही.
कोणी साहेब आला होता म्हणतात,
ओढ्याची रेती परातीत घोळवत बसला सबंध शिमगा,
जाताना परात द्रुपदीच्या आजीला देऊन गेला.
तीत अजून तांदूळ धुतात.
पाहायची तर चपला बाहेर काढा.

निघालं ते लोखंड.
लाल रस्ता, लाल म्हशी,
नवरदेवाची पांढरी टोपीसुद्धा वरातीपर्यंत लाल.
बार्ज भरभरून डोंगर गेला जहाजावर, तिथून जपानला.
बाबल कुबल म्हणायचा,
"आमचो डोंगर थंय मोटार होवन फिरता आसतलो."

पुढे तळं. हिरवंगार, फोटो छान येतात.
ती खाण.
तळाशी एक डंपर आहे,
बाबलचाच.
खोली विचारू नका.

सोनं बघायचंच असेल तर
पतपेढीच्या कपाटात, पुडी नंबर एकशे बारा :
द्रुपदीच्या कुड्या, खाणीच्या पहिल्या बोनसातल्या.
दर मार्चात व्याज भरते, सोडवत नाही.
बोलता बोलता कानाची पाळी चाचपते,
आपल्याला वाटतं, ऐकू आलं नाही.

शेवटची एसटी सव्वापाचला.
वेळ उरला तर काट्यावर उभे राहा.
एकट्याने काही होत नाही.
शाळा सुटली की आमची पोरं
दहा-बाराजण मिळून उड्या मारतात,
तेव्हा कुठे सुई
जराशी
थरथरते.