आत कोण हाय

लक्ष्मीपुरीतल्या काचवाल्यानं चौरस तुकडे
किलोवर तोलून दिले, शेंगदाण्यासारखे.
काळं लायक्रा, फोम, गोंदाचे आठ डबे.
तीन आठवडे चिकटवत बसलो.

(हो, बसलो.
आमच्याकडं बायकाही येतो, जातो, जेवलो म्हणतात.
ब्लाउज शिवायला आलेली पुण्याची पाहुणी
हसून हसून खुर्चीतनं घसरली होती एकदा.
मी म्हटलं, हितं असंच असतंय, बाई,
दंड किती ठेवू?)

सूट दस्तगीरच्या मापाचा.
खांदा अठरा, कंबर बत्तीस.
गुडघ्यामागं काच नाही, काखेत नाही,
माणूस जिथं वाकतो तिथं आरसा लावायचा नसतो
हे दुसऱ्या आठवड्यात कळलं.
तोवर डाव्या हाताची चार बोटं चिरलेली,
भाकरी थापताना पिठात लाल ठिपका.

कळंब्याच्या हॉलवर रिसेप्शन, आणि त्याच दुपारी
दस्तगीरचा पाय वायरीत अडकून मुरगळला.
चौगुल्याचा पोरगा डोकं धरून जनरेटरपाशी बसला:
"मालनकाकी, ॲडव्हान्स खाऊन झालाय.
आरशाचा माणूस पायजेच म्हणत्यात."
माझी उंची दस्तगीरएवढी.
हे मी बोललो नाही. त्यानंच वर बघितलं.

कमरेला चार टाके मारले, दातानं दोरा तोडून.
दस्तगीरनं लंगडत येऊन मागची चेन ओढली,
म्हणाला, "आत लई गरम होतंय, काकी. मोजत ऱ्हावा.
एक ते आठ, परत एक ते आठ.
आणि कुणी हात लावला तर दचकू नका,
ते तुम्हाला लावत नसत्यात."

अकरा किलो.
सगळा हॉल चाळणीतनं दिसतो.
एक, दोन, तीन,
लाइट पडला
आणि मी भिंतीभर सांडलो,
छताला, पंख्याला, नवरीच्या शालूला,
बुफेतल्या बासुंदीवरही थोडा.
बावीस वर्षं लग्नांना जातो,
कोपऱ्यातली खुर्ची धरतो, आहेर देतो, निघतो.

माणसं जवळ आली.
फेटेवाल्या मामानं माझ्या छातीत बघून मिशी वळवली.
एका बाईनं दातातलं कोथिंबिरीचं पान काढलं
माझ्या खांद्यावर.
मग माझा धाकटा दीर.
सहा वर्षं बोलत नाही, एका सहीवरनं.
तो आला, केस मागं सारले, हसला,
माझ्या बरगडीत दहा-बारा दीर हसले.
मी सात म्हणालो. आठ म्हणालो.
कंबर हलवली.
"नाद खुळा!" म्हणाला तो,
आणि शंभराची नोट काचेला चिकटेना
म्हणून जरा वेळ तशीच धरून उभा राहिला.

एक पोरगी तेवढी स्वतःला बघत नव्हती.
मांडीवरचा एक तुकडा कुठंतरी गळाला होता,
तिनं त्या काळ्या चौकोनावर बोट ठेवलं.
"आत कोण हाय?"
मी, म्हटलं.
स्पीकर मोठा होता.
हेल्मेटात माझाच श्वास माघारी आला, गोंदाच्या वासाचा.

रात्री सूट पोत्यात, पोतं गाडीच्या पुढ्यात.
रंकाळ्यावर घाम वाळवत थांबलो.
पाण्यात दिव्यांचे तुकडे,
कुणी न चिकटवता हलत होते.
बाराशे मिळाले. त्यातले तीनशे
दस्तगीरच्या घोट्याला.

तो पंधरवड्यात बरा झाला.
सूट चढवताना म्हणाला, "काकी, कमरेत आवळतंय."
मी म्हटलं, बसून बसून सुटलायस.
टाके आहेत अजून, चारही.
मांडीवरचा चौकोनही तसाच.
काच उरलीय डब्यात, गोंद उरलाय.
लावतो उद्या, म्हणतो.