दाब

शेवटची ट्राम डेपोत जाईपर्यंत
व्लास्ता नुसतीच बसून असते.
ब्रनोच्या त्या उतारावरून ट्राम गेली
की आलेखात भूकंप होतो.
जिन्यात कुणी शिंकलं तरी होतो.

मग सुई खाली येते. टोकाला मणी,
पेशीच्या निम्म्यानंही नाही.
टेकतो, जरासा दाबतो, मागे फिरतो.
मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये
हे त्याला शिकवावं लागलं नाही.

नमुना सतरा. औषधाआधी चारशे पास्कल,
दुधावरच्या सायीसारखं काहीतरी.
म्हणूनच तर त्या कुठूनही निसटतात,
केसाहून बारीक नळीतून अंग चोरून,
आणि पलीकडे पुन्हा गोल.

औषध घातल्यावर सहा तासांनी सातशे.
बारा तासांनी बाराशे,
आतले दोर कुणी ताणून बांधावेत तसं.
"मरायला लागल्या!" रादोवान म्हणतो.
पोरगा आहे, खूश होतो.
व्लास्ता वहीत फक्त आकडा लिहिते.

तिला माहीत आहे,
वॉर्डातला सतरा नंबर दुसऱ्या रात्री
उठून बसला होता, श्वास पुरेना म्हणून.
ताठलेल्या पेशी
फुफ्फुसाच्या गल्लीबोळात अडकल्या होत्या.
मरता मरताही वाट अडवून.

त्याचं नाव तिला कळायला नको होतं.
ओत्मार.
झ्लिनच्या बूट कारखान्यात छत्तीस वर्षं
चामडं निवडत होता.
रक्त काढणाऱ्या नर्सला म्हणाला,
"अंगठा लावला की समजतं
कुठे मुरेल, कुठे तडकेल.
तुमचं यंत्र वेगळं काय करतं?"
नर्सनं तो प्रश्न
नळीबरोबर खाली आणून दिला.
उत्तराचा रकाना फॉर्मवर नव्हता.

अठ्ठेचाळीस तास. साठ पेशी मोजल्या.
सत्तावन्न कडक.
एक चारशे दहा. एक तीनशे नव्वद.
जणू औषध त्यांच्या दारावरून
हाक न मारता गेलं.
रादोवान म्हणतो, तीनच तर आहेत.
व्लास्ता काही बोलत नाही.
तीनावरून साठ व्हायला
किती दिवस लागतात, तिनं मोजलेलं आहे.

तिसरीवर मणी टेकलेला असतानाच
पावणेपाचची पहिली ट्राम येते.
रेघ थरथरते, वर जाते, खाली येते.

ती तो आकडा खोडत नाही.
शेजारी लिहिते: ट्राम, किंवा पेशी.
आणि अंगठा
बराच वेळ टेबलाच्या कडेवर दाबून धरते.