गजक

ग्वाल्हेरला थंडी धरली की
दौलतगंजातल्या कारखान्यात मी वही लिहितो:
गूळ किती, तीळ किती, घट किती.

कल्याण कुशवाह खिळ्याला गूळ अडकवून ओढतो,
दुमडतो, पुन्हा ओढतो.
काळपट गूळ पिवळा पडतो,
मग मक्याच्या केसांसारखा.
मग तीळ. मग मोगरी.

एका डिसेंबरात मी ठोके मोजले.
दोनशे अकराला तुकडा काढला, दाताला चिकटला.
दोनशे चाळीसला काढला,
कुर्रकन तुटला.
मधल्या एकोणतिसांतला नेमका कुठला?
कल्याण म्हणाला, हाताला कळतं,
पण कळतं तेव्हा
होऊन गेलेलं असतं.

ओटा पुसला. परात काट्यावर ठेवली.
वजन होतं तेवढंच.
वहीत काय लिहिणार, रकानाच नव्हता.

रात्री भोपाळहून शाल्मलीचा फोन.
‘बाबा, मी जेवून चुकली.’
चुकली नाही गं, जेवले म्हणावं,
असं सांगायला तोंड उघडलं
आणि म्हणालो,
‘अच्छा, सो जा.’

‘अच्छा’ तर आजोबाही म्हणत.