डाव्या पायाचा बूट

कूपरेजच्या मागच्या फाटकाशी माझं खोकं.
बाबा इथेच बसायचे, गिरण्यांच्या टीमचे चेंडू शिवायचे.
वादी ओढून गाठ आत ढकलायची,
हेडर मारणाऱ्याच्या कपाळाला टोचू नये म्हणून.
ती गाठ मला येते. तसले चेंडू आता येत नाहीत.

बूट येतात.

एप्रिलात एक जोड आला, अकरा नंबरचा.
आणणारा पत्र्याखाली वाकून म्हणाला, नाव लिही, कोकू.
शेजारचा भेळवाला हसून हसून मेला:
काकू! सहा फुटी काकू!
त्याने समजावलं, लोमेत बुधवारी जन्मलेला कोकू.
अरे, मग आमच्यात बुध्या.
माझा एक चुलता सोम्या, दुसरा मंगळ्या.
तेव्हापासून लांबूनच विचारतो,
बुध्याचं काम झालं का?

बुटाला वय चोरता येत नाही.
कागदावर तो अठ्ठावीस.
तळ उलटा करून पाहिला, बोलले काही नाही.
उजवी टाच बाहेरून खाल्लेली,
म्हणजे डावा गुडघा सांभाळतोय.
डाव्या चवड्याला आतून एकच सुरकुती, खोल,
हजारदा तिथेच दुमडलेली.
तिथूनच मारत असणार.

सांगतो तुकड्यातुकड्यांनी, अर्धं हिंदी, उरलेलं हातांनी.
अठराव्या वर्षी एजंटने बेल्जियमला नेलं.
पहिल्या सकाळी मैदान पांढरं,
त्याला वाटलं, रेघा मारणाऱ्याच्या हातून चुना सांडला.
दुसऱ्या मोसमात अकरा गोल.
पेपरात फोटो, खाली नाव दुसऱ्याच कुणाचं.
मग गुडघा.
मग सायप्रस, तिथे पगाराचे चेक बँकेतून परत यायचे.
मग पोलंडमधलं एक गाव,
तिथे वरच्या बाकांवरून लोक माकडासारखे आवाज काढायचे.
हे सांगताना तो माझ्या पॉलिशच्या डबीचं झाकण
लावत राहिला.
झाकण लागलेलंच होतं.

फोनमध्ये एक गोल आहे, एकोणीस सेकंदांचा.
मी तो इतक्यांदा पाहिलाय
की गोलकीपर कुठल्या बाजूला पडणार
ते मला गोलकीपरच्या आधी कळतं.
शेवटी कॅमेरा हलतो, कुणीतरी त्याचं नाव ओरडतं,
बरोबर ओरडतं.

इथे एका बँकेच्या टीमकडून मॅचचे दोन हजार.
जिंकले तर बिर्याणी.
आईला व्हिडिओ कॉल करायचा असला की ओव्हलवर जातो,
घड्याळाचा दगडी मनोरा पाठीमागे येईल असा उभा राहतो.
लोमेत ती शेजारणींना बोलावून दाखवते,
बघा, युरोप.

ऑक्टोबरात तोच जोड परत.
म्हणाला, सगळे स्टड काप.
मालाडला एका मॉलच्या गच्चीवर टर्फ आहे,
रात्री अकरानंतर ऑफिसातली पोरं येतात,
एक गडी कमी पडला की हा. तासाचे सहाशे.
प्लास्टिकच्या गवतावर दात चालत नाहीत.

रापी दगडावर घासली.
उजव्याचे कापले, एकेक खाली पडला,
मी चिंचेच्या पानात
चिंचोके पुसावेत तसे पदरात घेतले.
का, ते सांगता यायचं नाही.
मग डाव्यावर रापी टेकवली.

थांब, म्हणाला. याचे उद्या.

आता गच्चीवर तो कुणाचे तरी जुने कॅनव्हास घालून पळतो.
डावा बूट माझ्या फळीवर,
बाबांच्या उरलेल्या वादीच्या गुंडाळीशेजारी.
येतो, पत्र्याखाली वाकतो,
बुध्याचं काम झालं का?
मी म्हणते, दोरा संपलाय.
कापायच्या कामाला दोरा कशाला
हे भेळवाल्यालाही कळतं.
तो एकदा फळीकडे बघतो.
बरं, म्हणतो, मग पुढच्या आठवड्यात.