दोन गुणांचा प्रश्न

धरणगाव. मार्च संपत आलाय,
रात्री साडेदहालाही भिंती दुपार सोडत नाहीत.
पंखा लावला की गठ्ठा उडतो,
म्हणून घामातच अकरावीचे पेपर तपासतेय.

प्रश्न चार, ब : सोडियमचा आयन
सोडियमच्या अणूपेक्षा लहान का?

बहुतेकांनी गाइडातलं तेच लिहिलंय,
इलेक्ट्रॉन जातो म्हणून.
बटाटा सोलला की लहान होतो, तसं.
"पण मॅडम, साल ती केवढी,
तेवढ्यानं बटाटा निम्म्याला कसा येईल?"
हे वर्गात कधीच न बोलणाऱ्या
मोहिनी बडगुजरने पेपरात लिहिलंय.

आणि पुढं :
आमच्या घरी अकरा माणसं.
चुलीपाशी दोन, माजघरात आठ,
ओट्यावर खाट टाकून एकटा नानाभाऊ.
तो जळगावला चटईच्या कारखान्यात लागला
तेव्हा नुसती खाट नाही उचलली,
ओटाच गेला.
दिवेलागणीला कडी आतून लागते,
घर आता माजघरापर्यंतच.
चूल तीच, अकरांची. शेकणारे दहा.
एकमेकांना ढकलणंही कमी,
सगळे पाट बोटभर आत सरकलेत.

क्लोरीनचं विचारलं नव्हतं. तिने लिहिलं.
नानाभाऊच्या खोलीवर आधीच सतरा पोरं,
बाहेरच्या पडवीत सात. हा आठवा.
कोपरं आवरली तरी गाद्या जिन्यात आल्या.
मेसची मावशी सतरांचीच कणीक मळते,
अठरांत वाटते,
कुणालाच धरून ठेवणं तितकं जमत नाही.

बावीस वर्षं मी फळ्यावर लिहितेय :
देणारा धन, घेणारा ऋण.
धन आक्रसतं, ऋण फुगतं.
पोरं अधिक-वजा पाठ करतात
आणि डबे उघडतात.
मीठ पुढं कुणाच्या तरी कळण्याच्या भाकरीवर असतंच.

लाल पेन उचलते.
"केंद्रकातले प्रोटॉन तेवढेच राहतात"
हे वाक्य नाही. अर्धा गुण जायला हवा.
पण "चूल तीच" आहे.
पेन तसंच धरून बसते.

तळाशी, ओळी संपल्यावर, बारीक अक्षरात :
मायला विचारलं, घर ल्हान झालं का?
ती म्हणे, नही वं, जवळ उनं.

समासात एकशे दोन पिकोमीटर लिहिते,
खोडते. दोन देते.
पुढचा पेपर :
इलेक्ट्रॉन जातो म्हणून.