तीन बोटं जागा

माझ्या रेमिंग्टनवर एबीसीडी होती, आकडे होते,
टक्क्याची खूणसुद्धा होती.
नेरुरकर सरांना लागायची ती चिन्हं नव्हती.
"गवाणकर, इथं तीन बोटं जागा सोडा,"
मी सोडायचो.
मग सर पेन झटकून
त्या मोकळ्या जागेत काहीबाही काढायचे,
गळासारखं, कोयतीसारखं,
कुशीवर निजलेल्या आठासारखं.
मला त्यातलं काही कळलं नाही कधी.
पण कुठलं चिन्ह किती जागा खातं
ते सरांनी सांगायच्या आधी
माझ्या बोटांना कळायचं.

देवगडच्या सड्यावर कॉलेज,
कातळावर चार खोल्या, पाचवीला पत्रे.
प्राचार्य होऊन आठवडा झाला नाही तोच
त्यांनी वेळापत्रक समुद्राच्या हवाली केलं.
मिठमुंबरीची पोरं तरीतून यायची,
ओहोटीला तर रुतायची,
म्हणून पहिला तास रोज पन्नास मिनिटं पुढं,
पंधरवड्यानं पुन्हा मुळावर.
विद्यापीठानं खुलासा मागवला.
सरांनी सांगितला, मी टाईप केला:
"आपले परिपत्रक खाडीस दाखविले.
तिने दखल घेतली नाही."

त्यांचा एक सिद्धांत होता,
छपन्न साली परदेशात छापलेला.
गावात कुणी वाचला नव्हता, अभिमान सगळ्यांना.
गणपतीच्या भाषणात, आंबा बागायतदारांच्या सभेत,
"आमच्या सरांचो सिद्धांत".
जणू बंदरावरचं दीपगृहच.

एकोणऐंशीच्या मार्चात
शेवंती कुबल ऑफिसच्या दारात आली.
बाप रापणीवर,
हिच्या ओढणीला खाऱ्याचा वास,
हातात सरांचाच छापील निबंध, कोपरे दुमडलेला.
"सर, चौदावी ओळ.
हय कायतरी चुकलाहा."

सर हसले नाहीत. रागावलेही नाहीत.
दार लावून घेतलं.
डबा तसाच राहिला, मुंग्या आल्या,
शिपायानं दोनदा चहा परत नेला.
दिवेलागणीला बाहेर आले, म्हणाले,
"मराठी मशीन घ्या.
ही नोटीस सगळ्यांना वाचता आली पाहिजे."

"कळविण्यात येते की माझा छपन्न सालचा सिद्धांत
चौदाव्या ओळीत कोसळतो.
द्वितीय वर्षाच्या कु. शेवंती कुबल यांनी हे दाखविले.
तेवीस वर्षे मला ते दिसले नाही."

माझा हात अडला.
म्हटलं, सर, कोसळतोऐवजी लंगडतो लिहू?
"साकव कोसळतो, गवाणकर. लंगडत नाही."

फळ्यावर ती नोटीस महिनाभर होती.
संस्थेच्या अध्यक्षांनी सरांशी बोलणं टाकलं.
मासळीच्या लिलावात मात्र
हिशेब अडला की बायका अजून म्हणतात,
"चौदावी ओळ बघ गो आधी."
म्हणणारीला सर ठाऊक असतातच असं नाही.

सर गेले तेव्हा ऐन ओहोटी.
तर पलीकडे चिखलात बसलेली,
आणि वेळ पुढं ढकलणारं कुणी उरलं नव्हतं.
मिठमुंबरीची माणसं गुडघाभर चिखलातून चालत आली,
चपला हातात धरून.
शोकसभेचं पत्रक मीच टाईप केलं.
"आपले लाडके प्राचार्य" आणि पुढं
सवयीनं जागा सुटली.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
मीही ती भरली नाही.

आता मी निवृत्त. मशीन भंगारात गेलं,
त्याची फीत माझ्या ट्रंकेत आहे, का ते विचारू नका.

गेल्या महिन्यात शेवंतीचं पाकीट आलं, हैदराबादहून.
केस पिकले, पण लिहिते,
अजून त्या ओळीशीच भांडते आहे.
सोबत सतरा पानं, कॉम्प्युटरवर छापलेली,
सगळे गळ, सगळ्या कोयत्या
जागच्या जागी, सुबक, काळ्याभोर.
मी नुसतीच ओळी मोजत गेलो.

चौदावीवर थांबलो.
मधेच पांढरं.
बोटं टेकवून पाहिली,
तीन.